‘पेशंट अनियमित आहे’ : कर्मसिद्धान्ताची नवी आवृत्ती

मागच्या हिवाळ्यात आमच्यातल्या एका कार्यकर्त्याला सरकारी दवाखान्यात भरती करावं लागलं. वय सव्वीस. सिकलसेल, एसएस. दोन्ही मांड्या, कंबर आणि छातीत अशा कळा की चादरीचा स्पर्शही सहन होत नव्हता. सकाळी राऊंडला आलेल्या डॉक्टरांनी केसपेपर चाळला आणि त्याच्याऐवजी आमच्याकडे बघत म्हणाले, “दोन महिने गोळ्या बंद केल्यात यानं. तुमचे लोक औषधच नियमित घेत नाहीत, मग आम्ही काय करायचं?” केसपेपरवर शेरा पडला : पेशंट अनियमित.

‘तुमचे लोक’ हे दोन शब्द आम्हाला लागले. दवाखान्याच्या चहाच्या टपरीवरच निवेदनाचा मसुदा तयार झाला. (निवेदन लिहायला आम्हाला वेळ लागत नाही, पन्नास वर्षांचा सराव आहे.) तिसऱ्या दिवशी त्या पोराला जरा बरं वाटल्यावर तो मसुदा त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, “दादा, डॉक्टर खोटं नाई बोलले. मी खरंच गोळ्या नाई खाल्ल्या.”

निवेदन तिथंच थांबलं. आणि एका गोष्टीत डॉक्टरांचंही श्रेय मान्य केलं पाहिजे. त्याच रात्री ते दोनदा उठून आले होते आणि वेदनाशामकाचं इंजेक्शन त्यांनी स्वतः दिलं होतं. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच त्यांच्या वाक्याचा विचार करणं आम्हाला भाग पडलं. ते जे म्हणाले ते खरं होतं. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र खोटा होता, आणि हा लेख त्या निष्कर्षाबद्दल आहे.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पुढच्या भागाला रक्त पोचत नाही. त्या वेदनेला आमच्याकडे ‘क्रायसिस’ म्हणतात, अडाणी आजीसुद्धा हाच शब्द वापरते. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर एसएस, म्हणजे ग्रस्त. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास होत नाही, उलट मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. पिढ्यान् पिढ्या मलेरियाच्या जंगलपट्ट्यात राहिलेल्या आदिवासींमध्ये आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात हा आजार जास्त दिसतो त्याचं कारण हे आहे. ‘रक्तच तसलं’ म्हणणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. १९५८ सालीच शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली होती. म्हणजे आमच्या मोहल्ल्यांतलं हे दुखणं शास्त्राला माहीत होऊन साठ वर्षांहून जास्त काळ लोटला आहे.

यावर औषध आहे. रोज फॉलिक ॲसिड, आणि ज्यांना क्रायसिस वारंवार येतो त्यांना रोज हायड्रॉक्सीयुरिया. ही कॅप्सूल शरीरात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, त्यामुळे पेशी वाकड्या होण्याचं प्रमाण घटतं. अमेरिकेत मोठ्या माणसांसाठी तिला १९९८ साली मान्यता मिळाली. लहान मुलांत किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी डोसनंही फायदा होतो, हे नागपूरच्याच बालरोगतज्ज्ञांच्या २०१२ सालच्या अभ्यासात दिसलं. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे. पण तिचा गुण यायला काही महिने लागतात, ती रोज घ्यावी लागते, जन्मभर, आणि पांढऱ्या पेशी घसरत नाहीत ना हे पाहायला ठरावीक काळानं सीबीसी करावी लागते.

‘रोज, जन्मभर’ हे म्हणायला सोपं आहे. आमच्या कार्यकर्त्याचे ते दोन महिने कसे गेले ते आम्ही त्याच्या खाटेजवळ बसून विचारलं. एरवी हे कोणी विचारत नाही.

तो गोडाऊनमध्ये माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर आहे, रोजंदारीनं. दवाखान्यात सिकलसेलचा दिवस आठवड्यातून एक. औषध मिळतं एक महिन्याचं. त्याआधी रक्त द्यायचं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी, रिपोर्ट दाखवल्याशिवाय गोळी नाही. म्हणजे महिन्याच्या गोळीसाठी दोन रोज बुडाले. तिसऱ्या खेपेला खिडकीवर सांगितलं, स्टॉक संपला, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात मुकादमानं सांगितलं, आता खाडा केलास तर येऊच नको. तो गेला नाही. आणि मग काय झालं? तो म्हणाला, “काईच नाई झालं. तेच तर झालं.” पहिला महिना बिनगोळीचा गेला आणि त्याला ठणठणीत वाटलं. हायड्रॉक्सीयुरियाचा असर एका दिवसात येत नाही तसा एका दिवसात जातही नाही. त्यामुळे गोळी सोडण्याची शिक्षा इतकी उशिरा येते की गुन्हा आणि शिक्षा यांचा संबंधच जुळत नाही. दुसऱ्या महिन्यात थंडी पडली, रात्रपाळी लागली, पाणी कमी प्यायला गेलं, आणि तो पडला.

मध्ये एकदा मित्राकडून थोड्या गोळ्या मिळाल्या तेव्हा ‘बाकी भरून काढायला’ त्यानं दोन-दोन खाल्ल्या. असं करू नये. चुकलेली गोळी चुकली, दुसऱ्या दिवशी एकच घ्यायची, आणि दुसऱ्याच्या गोळ्या तर घ्यायच्याच नाहीत. पण हे त्याला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्याला फक्त ‘नियमित घ्या’ एवढंच सांगितलं गेलं होतं.

नंतर आम्ही ओळखीच्या घरांत हाच प्रश्न घेऊन फिरलो. अभ्यास वगैरे नाही, नुसती विचारपूस. एक ताई गोळीचं पान तांदळाच्या डब्यात लपवते, कारण सासरी सिकलसेल सांगितलेला नाही. सासू स्वयंपाकघरात असली की त्या दिवशी गोळी नाही. दुसऱ्या घरी मेडिकलवाल्या पोरानं सांगितलं की ही तर कॅन्सरची गोळी आहे. तेही खोटं नाही, रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये ती वापरतात. पण अर्धवट खरं ऐकून बापानं पोरीची गोळी बंद केली. नखं काळी पडतात, मूल होणार नाही, अशा शंका विचारायला कोणी नाही, आणि त्या शंका अगदीच निराधारही नाहीत. नखं खरंच काळवंडू शकतात. गर्भधारणा ठरवताना हे औषध थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावंच लागतं. एका आईकडे बारा किलोचं लेकरू आणि हातात ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. ती कॅप्सूल उघडून भुकटीचे अंदाजे तीन भाग करते. एखाद्या दिवशी अर्धं सांडतं. या बाईला आपण ‘अनियमित’ म्हणणार?

आणि पाणी! प्रत्येक डॉक्टर सांगतो, भरपूर पाणी प्या, दिवसाला तीन लिटर. कापूस वेचणाऱ्या, धानाची रोवणी करणाऱ्या बाईनं तीन लिटर पाणी प्यायचं आणि बांधावर कुठं जायचं? ती दिवसभर तोंड कोरडं ठेवते. भंडारा-गोंदियाकडं रोवणीच्या दिवसांत पोटऱ्यांपर्यंत गार पाण्यात उभं राहावं लागतं, आणि गारवा हा क्रायसिसला बोलावणं आहे. सल्ला बरोबर आहे, पण तो ज्या आयुष्यात दिला जातो ते आयुष्य सल्ला देणाऱ्यानं पाहिलेलं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तपासला आहे. गरिबाच्या दैन्याला त्याचंच मागच्या जन्मीचं कर्म जबाबदार ठरवलं की समाज आणि राज्यसंस्था आपल्या जबाबदारीतून अलगद सुटतात, हे त्यांनी दाखवलं. आज कोणी शिकलेला डॉक्टर किंवा अधिकारी पूर्वजन्माचं नाव काढत नाही. पण केसपेपरवरचा तो शेरा नेमकं तेच काम करतो. स्टॉक संपला याची नोंद त्या केसपेपरवर नाही. रोज बुडाला याची नाही. कॅप्सूल लेकराच्या मापाची नाही याचीही नाही. नोंद फक्त रुग्णाच्या कर्माची. मागचा जन्म गेला आणि मागचा महिना आला, एवढाच फरक. क्षयरोगाच्या कार्यक्रमात औषध सोडणाऱ्याला कित्येक वर्षं ‘डिफॉल्टर’ म्हणत, जणू त्यानं बँकेचं कर्ज बुडवलंय. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या व्याख्यांतून तो शब्द काढून टाकला. आमच्या तालुक्यात तो अजून तोंडी ऐकू येतो.

‘तुमचे लोक’ या शब्दांचाही हिशेब करू. याच संघटनेनं २००३ साली दीर्घकालीन आजारांतल्या औषधोपचारावर एक अहवाल काढला. विकसित देशांतसुद्धा अशा आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असं त्यात म्हटलं आहे. गरीब देशांत प्रमाण आणखी कमी. म्हणजे ज्यांच्याकडे विमा आहे, गाडी आहे, कोपऱ्यावर दुकान आहे, त्यांच्यातलेही निम्मे चुकतात. उच्च रक्तदाबाची गोळी विसरणारे प्राध्यापक आणि वकील आम्हाला माहीत आहेत. त्यांच्या फाईलवर जातीचं अनेकवचन येत नाही. तेव्हा गोळी चुकणं ही माणसाची गोष्ट आहे. तिला ‘लोकांची’ गोष्ट करणं ही जातीची सवय आहे.

इथं आमचे काही मित्र टाळ्या वाजवतील आणि म्हणतील, बघा, सगळा दोष व्यवस्थेचा. थांबा. आमच्यातलाच एकजण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मधुमेह आहे. पगार वेळेवर, औषध घरात, लॅब दोन गल्ल्या सोडून. तरी त्याची गोळी आठवड्यातून दोनदा चुकते. का? तो म्हणाला, “सकाळी गोळी हातात घेतली की आठवते आपण बिमार आहो. एखाद्या दिवशी नाही आठवलं पाहिजे वाटते.” याच्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. औषध रोज घेणं म्हणजे रोज एकदा कबुली देणं. शिवाय या गोळीचं बक्षीस काय? जो क्रायसिस आला नाही तो! न आलेल्या दुखण्याचा आनंद कोणाला होतो? व्यवस्था उद्या सुधारली तरी हा थकवा राहील. त्याला बेशिस्त म्हणून झिडकारणं सोपं आहे, आणि आपल्या चळवळीत ते फार झालं आहे.

कारण आपण आजाराला काय जागा दिली? जयंतीच्या निमित्तानं आपण अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो. चांगले आहेत, आम्हीही घेतले. एका वर्षी त्यात एसएस असलेली अकरावीतली मुलगी बसली. पाणी प्यायला उठलं की लक्ष विचलित होतं म्हणून उठली नाही, आणि दुसऱ्या दिवशी भरती झाली. आम्ही तिच्या जिद्दीचं कौतुक करणारी पोस्ट टाकली होती. आज ती वाचवत नाही. बाबासाहेबांच्या आजारपणाकडेही आपण असंच पाहतो. त्यांना मधुमेह होता, पायांची दुखणी होती, शेवटी नजरही साथ देत नव्हती, आणि तरी ते लिहीत राहिले, एवढंच आपण भाषणात सांगतो. त्यांच्या पथ्याची, इंजेक्शनची, झोपेची काळजी घेणारी एक डॉक्टर बाई त्या घरात होती हे सांगत नाही. उलट ६ डिसेंबर १९५६ नंतर माईसाहेबांवर संशय घेणारे आपल्याच समाजातले होते. ज्या समाजानं आपल्या सर्वांत मोठ्या माणसाची शुश्रूषा करणारीला आरोपी केलं, त्याला रुग्णसेवेबद्दल डॉक्टरांना शिकवण्याआधी जरा घरात पाहावं लागेल.

विनयपिटकातल्या महावग्गात भिक्खूंच्या आजारपणाचा भाग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकारानं आपल्याच घाणीत पडलेला, कोणी बघत नाही. तथागत आनंदाला पाणी आणायला सांगून स्वतः त्याला धुतात. ही कथा आपल्याला माहीत असते. तिच्या पुढचा भाग कोणी वाचत नाही. तिथं शुश्रूषा करायला अवघड रुग्णाची पाच लक्षणं दिली आहेत आणि त्यात ‘औषध घेत नाही’ हे चक्क आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीही लोक गोळी चुकवत होते, म्हणा ना! पण लगेच पुढं नालायक शुश्रूषकाचीही पाच लक्षणं येतात : औषध तयार करता येत नाही, काय हितकर आणि काय अहितकर ते कळत नाही, लाभाच्या आशेनं सेवा करतो, घाणीची किळस करतो, रुग्णाशी चार धीराचे शब्द बोलता येत नाहीत. दोन्ही याद्या शेजारी शेजारी. आजच्या दवाखान्यात पहिली यादी केसपेपरवर आहे. दुसरी कोणत्या कागदावर लिहायची?

आणि आम्ही तरी ती कुठं लिहिली? ही सल जुनी आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. त्याच सुमारास ते ब्लॅक पँथर काय करत होते? कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत मोफत दवाखाने चालवून सिकलसेलची तपासणी करत होते! हाच आजार, जो तिकडं काळ्यांचा म्हणून दुर्लक्षिला गेला होता. आपण त्यांचा आवेश घेतला, कविता घेतली, आणि हे राहून गेलं. नागपूर-चंद्रपूरच्या वस्त्यांत तेव्हाही पोरं ‘वाताच्या’ नावाखाली कण्हत होती.

आता सरकारी बाजू. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथं पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं. आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासणी व्हावीच, कार्ड मिळावंच, आमचा विरोध नाही. पण कार्ड लग्न जुळवताना दाखवायचं आणि गोळी जगण्यासाठी खायची. यातलं पहिलं मोजलं जातं. अमुक इतक्या लोकांना कार्डं वाटली, हे फलकावर येतं. अमुक इतक्यांना बारा महिने अखंड औषध मिळालं, हा आकडा आम्हाला आमच्या तालुक्यात मागूनही मिळाला नाही. जो जन्मलाच नाही त्याच्या निर्मूलनाचा उत्साह आहे. जो जन्मला आहे, सव्वीस वर्षांचा आहे आणि माल उचलतो, त्याच्या गोळीचं काय? शिवाय विदर्भातल्या बौद्ध मोहल्ल्यातला रुग्ण ‘आदिवासी भागा’च्या आखणीत बसतो की नाही, हाही प्रश्न आहे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानं सिकलसेलला अपंगत्व मानलं, पण नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या कलमात रक्ताच्या आजारांना स्वतंत्र जागा दिली नाही. नोकरी नाही म्हणून रोजंदारी, रोजंदारी म्हणून खाडा, खाडा नको म्हणून गोळी नाही. कारणांची ही साखळी केसपेपरवर एका शब्दात आटोपते.

लग्नाच्या कार्डाबद्दल एक वाक्य बोलल्याशिवाय राहवत नाही. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात सजातीय विवाह हाच जातीचा प्राण असल्याचं सांगितलं होतं. आपण मात्र पोटजात बघून सोयरीक करतो, आजार लपवतो आणि मग त्या ताईला तांदळाच्या डब्याशी एकटं सोडतो. तिची गोळी कोणत्या दवाखान्यानं चुकवली?

आमच्या मागण्या साध्या आहेत आणि निवेदन आता नव्यानं लिहिलं आहे. ज्यांचा डोस बसला आहे त्यांना दोन-तीन महिन्यांची औषधं एकदम द्या. सीबीसी प्राथमिक आरोग्य केंद्रात करा, रिपोर्ट आणि गोळी एकाच दिवशी. मुलांसाठी मापाचं औषध आणा. आणि केसपेपरवर ‘अनियमित’ लिहायचंच असेल तर त्यापुढं ‘कारण’ असा एक रकाना छापा, आणि स्टॉक नव्हता तर तेही त्यातच लिहा. त्याच डॉक्टरांना आम्ही मसुदा दाखवला. त्यांनी शेवटच्या मागणीवर बोट ठेवून विचारलं, “हा रकाना भरायला वेळ कोण देणार? एका ओपीडीत किती पेशंट असतात, माहीत आहे?” आम्ही म्हटलं, तेही लिहा, आम्ही त्यासाठीही भांडू. ते हसले. सही मात्र केली नाही.

तो पोरगा आता पुन्हा कामावर आहे, दुसऱ्या गोडाऊनमध्ये. रात्री आठला त्याच्या मोबाईलवर गजर वाजतो. रविवारी तो गावी जातो आणि गोळ्या खोलीवर राहतात, म्हणून रविवार चुकतो. त्याच्यासाठी एक वेगळं पान आता त्याच्या आईकडे ठेवलं आहे. मागच्या बैठकीत वंदना झाल्यावर आम्ही नवाच विषय घेतला : आज कोणाकोणाची गोळी राहिली? सुरुवातीला कोणी बोललं नाही. मग मास्तरांनी हात वर केला. मग कोपऱ्यातून बीपीवाल्या काकांनी. अकराजण होतो, चार हात वर होते, आणि त्या पोराचा त्यात नव्हता.